मुलींना जी मुभा, ती मुलांना का नाही?

अमेरिकेतल्या युटा राज्यात मॉर्मन घरातला पोरगा १८ चा झाला की प्रश्न ठरलेला : मिशनला कधी निघतोस? दोन वर्षं घर, कॉलेज सोडून धर्मप्रचार. कुठे जायचं ते चर्च ठरवणार, सोबती कोण तेही चर्चच ठरवणार. खर्च मात्र पोराचा नाहीतर घरच्यांचा, २०२० पासून महिना ५०० डॉलर.

सक्ती कुठाय, असं विचारणारे विचारतात. कागदावर नाहीच. पण चर्चच सांगतं की मुलांसाठी हे कर्तव्य आणि मुलींसाठी ऐच्छिक. एकदा कर्तव्य म्हटलं की न जाणारा आपोआप कामचुकार ठरतो. आजारी पडून, मन खचून अर्ध्यातून परतलेल्यालाही लोकांच्या नजरा चुकवाव्या लागतात. 'लोक काय म्हणतील' हा कायदा कुठल्याच पुस्तकात नसतो, पण पाळावा लागतोच. हे आपल्याला कुणी शिकवायला नको!

त्यात २०१२ ला मुलांचं वय १९ वरून १८ वर आणलं. शाळा सुटली की थेट मिशन. विचार करायला मिळणारं एक वर्षही गेलं.

मनापासून जाणारे पुष्कळ आहेत, परकी भाषा शिकतात, माणसं जोडतात. त्यांच्याशी भांडण नाही. आणि नियम बदलता येतात. आईबापांना वर्षातून दोनदाच फोन, हा नियम चर्चने २०१९ मध्ये बदलला, आता आठवड्याला बोलता येतं.

मग एवढंच करा. मुलींना सांगता ना, वाटलं तर जा? तेच वाक्य मुलांनाही सांगा. त्यानंतर जे जातील, ते खरे स्वयंसेवक.