हिशोब बरोबर, तरी नोंद चुकीची!

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, ‘कॉम्प्युटर कधी चुकत नाही’ हे वाक्य मुलांना सांगणं आता आपण बंद करायला हवं. का, ते बघा.

समजा, शालेय पोषण आहाराचा तांदूळ १०० किलो शिल्लक आहे. नोंद कॉम्प्युटरवर ठेवली आहे. एका सरांनी आजच्या खिचडीचे १२ किलो वजा करायला घेतले. त्याच वेळी दुसऱ्या मोबाईलवर मॅडमनी नवीन आलेले ५० किलो जमा करायला घेतले. दोघांनीही १०० हा आकडा वाचला. सरांनी ८८ लिहिले, मॅडमनी १५०. जो शेवटी सेव्ह करेल, त्याचा आकडा राहतो. खरा साठा मात्र १३८! दोघांचंही गणित बरोबर, दोघंही प्रामाणिक. तरी ८८ राहिले तर ५० किलोची आवक कागदावरून गायब, आणि १५० राहिले तर १२ किलो तांदूळ कुठे गेला म्हणून विचारणा होणार. संशय माणसावर येतो. दोष असतो व्यवस्थेचा.

डेटाबेसमध्ये अशा प्रत्येक पूर्ण व्यवहाराला ट्रान्झॅक्शन म्हणतात. कामं एकाच वेळी चालली तरी शेवटचा निकाल ती एकामागून एक केल्यासारखाच यावा, या नियमाला म्हणतात सिरियलायझेबिलिटी. आधी कोण, नंतर कोण, हे मात्र हा नियम सांगत नाही. रेल्वेची शेवटची सीट वाशिमच्या प्रवाशाला मिळाली काय किंवा अकोल्याच्या, दोन्ही चालतं. दोघांना तीच सीट मिळाली, तर चालत नाही.

मग सगळ्यांना रांगेतच का उभं करू नये? कारण काम तुंबेल. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही ती कामं सोबत चालू द्यायची, एकाच नोंदीला हात लावणाऱ्यांपुरतं कुलूप लावायचं. आयबीएममधल्या एस्वारन, ग्रे, लॉरी आणि ट्रेगर यांनी १९७६ साली हा विचार नीट मांडला. जिम ग्रे यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला १९९८ साली, म्हणजे आपला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला त्याच वर्षी.

कुलपाचीही एक गंमत आहे. एकाजवळ साठ्याची वही, त्याला हवी हजेरीची. दुसऱ्याजवळ हजेरीची, त्याला हवी साठ्याची. दोघंही अडून बसले! याला डेडलॉक म्हणतात. अशा वेळी डेटाबेस एकाचं काम रद्द करून त्याला पुन्हा सुरुवात करायला लावतो. सगळ्यांनी वह्या ठरलेल्या क्रमानेच घ्यायच्या ठरवल्या, तर ही वेळच येत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की हे शिकवायला कॉम्प्युटर लॅब लागत नाही. दोन मुलं, एक फळा आणि १०० हा आकडा पुरे. मानोऱ्याच्या तांड्यावरची शाळा असो की कारंज्यातली, हा खेळ सहावीतलं पोरगंही खेळेल. उद्या याच मुलांच्या हाती बँकेचं, रेशनचं, सातबाऱ्याचं काम येणार आहे. आकडा जुळला नाही की लगेच माणसाला चोर ठरवू नये, आधी नोंद कशी झाली ते तपासावं, एवढी सवय त्यांना शाळेतच लागली तर बरं होईल. तुमच्या वर्गात एकदा करून बघा.