आधी पाणी ओळखावे, मग मासा आणावा

निवृत्तीनंतर दिवस लांबतो आणि हातातली कामे कमी होत जातात. अशा वेळी घरात माशांची टाकी ठेवावी, असे मुलासुनांच्या मनात येते आणि त्या विचारात तथ्य आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या नॅन्सी एडवर्ड्स आणि अ‍ॅलन बेक यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या ६२ वृद्धांच्या भोजनाच्या जागी मत्स्यालये ठेवली होती. जेवणावरून लवकर उठणारी ही माणसे अधिक जेवू लागली, त्यांचे वजनही थोडे वाढले. टाकी हे औषध नाही आणि तिच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी सोडावयाची नाही. परंतु मनाला विसावा आणि दिवसाला वेळापत्रक ती निश्चित देते.

मात्र हा लाभ मासे जगले तरच मिळतो. दर आठवड्याला एक मासा मरणारी टाकी वृद्धाच्या मनाला खिन्न करते, आणि ‘माझ्याच्याने आता काही होत नाही’ ही भावना बळावते. म्हणून बारामती-इंदापूरकडच्या वाचकांसाठी आज थोडा नाजूक, पण अतिशय देखणा विषय घेतला आहे: ड्वार्फ सिक्लिड, म्हणजे खुज्या चणीचे सिक्लिड मासे.

हे मासे चार ते आठ सेंटिमीटरचे असतात. त्यांचे आकर्षण रंगांपेक्षाही संसारात आहे. जोडी अंडी राखते, पंखांनी त्यांच्यावर पाणी खेळवते, पिलांना सोबत घेऊन हिंडते. रोज खाऊ घालणाऱ्या व्यक्तीची चाहूल लागताच ते काचेपाशी येतात. खुर्चीत बसून पाहणाऱ्याला रोज काहीतरी नवे घडताना दिसते.

यांतील प्रसिद्ध मासे म्हणजे ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला रॅम आणि दक्षिण अमेरिकेच्या ओढ्यांतले अ‍ॅपिस्टोग्रामा. त्यांपैकी बहुतेकांचे मूळ पाणी अत्यंत मऊ आणि आम्लधर्मी असते. आपल्याकडे अडचण येते ती इथेच. दोन्ही तालुक्यांत पाण्याचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. नीरा डाव्या कालव्याचे धरणातून आलेले पाणी त्यातल्या त्यात मऊ असते. विहीर-बोअरचे पाणी मात्र खडकातून, काळ्या मातीतून आणि वर्षानुवर्षे भिजवलेल्या शेतांतून मुरत येते. ते जड व क्षारयुक्त असते. डाळ लवकर शिजत नसेल, साबणाला फेस येत नसेल, पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरत असेल, तर पाणी जड आहे असे समजावे. शेतकरी कुटुंबांना ‘सामू’ हा शब्द परिचित आहे. पाण्याचा सामू आणि जडपणा माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून एकदा तपासून घ्यावा. अनेक घरांत पावसाळ्यात एक पाणी आणि उन्हाळ्यात दुसरे येते. नाजूक माशाला जडपणापेक्षाही ही अचानक झालेली अदलाबदल अधिक घातक ठरते.

आता दोन मार्ग उरतात. पहिला, पाणी माशाजोगे करणे. आरओ यंत्राचे शुद्ध पाणी तीन भाग आणि घरचे पाणी एक भाग, असे काही प्रमाण तपासणीनुसार ठरवून ते कायम पाळावे. केवळ आरओचे पाणी वापरू नये. त्यात क्षार जवळजवळ नसल्याने सामू स्थिर राहत नाही. हा मार्ग शक्य आहे, पण त्यासाठी दर आठवड्याला मोजमाप करणारे कोणीतरी घरात हवे.

दुसरा मार्ग, पाण्याजोगा मासा निवडणे. आफ्रिकेतील टांगानिका सरोवराचे पाणी जड असून त्याचा सामू नऊच्या आसपास असतो. तिथे शंखांत राहणारे खुजे सिक्लिड आहेत. त्यांपैकी ‘मल्टिफॅसिएटस’ हा जगातील सर्वांत लहान सिक्लिडांत मोडतो. बारीक वाळू आणि मोठ्या गोगलगायींचे रिकामे शंख दिले की हे मासे वाळू उकरतात, शंखात घर करतात आणि आपापल्या अंगणाची राखण करतात. पाणी बोअरचे असेल आणि घरात मदतीला एकच माणूस असेल, तर हाच मार्ग सोयीचा. मासे मागणी नोंदवून मागवावे लागले तरी थांबावे.

कोणताही मासा निवडला तरी टाकी मुरण्यास चार ते सहा आठवडे द्यावेतच. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. उपयुक्त जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे कमी अपायकारक नायट्रेट करतात. हे जिवाणू दह्याच्या विरजणासारखे असतात; निरोगी, चालू टाकीतला वापरलेला स्पंज मिळाल्यास काम लवकर होते. अमोनिया व नायट्राइट शून्य दिसल्यावरच मासे सोडावेत. जड, अल्कधर्मी पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो, म्हणून टांगानिकाच्या माशांसाठी हा धीर विशेष आवश्यक आहे.

साठ लिटरची टाकी पुरेशी आहे. काच, वाळू आणि पाणी मिळून वजन ऐंशी किलोच्या घरात जाते, तेव्हा भक्कम चौरंग हवा. टाकी खुर्चीत बसलेल्या डोळ्यांच्या उंचीवर, उन्हापासून दूर आणि वावराच्या वाटेबाहेर ठेवावी. विजेची वायर प्लगच्या पातळीपेक्षा खाली झोल देऊन मग प्लगकडे न्यावी, म्हणजे थेंब प्लगपर्यंत पोहोचत नाही. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर सौम्य असतो. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीचा पंप जवळ असावा. थंडीच्या रात्रींसाठी थर्मोस्टॅट असलेला हीटर लावावा. मे महिन्यात टाकीवर पंख्याचा वारा सोडावा. थेट बर्फ घालू नये. पाणी आटते तेव्हा क्षार मागेच राहतात, म्हणून आटलेली भर आरओच्या पाण्याने करावी.

कामाची वाटणी हा या सगळ्याचा गाभा आहे. चिमूटभर खाऊ घालणे, तापमान वाचणे आणि मासे मोजणे ही कामे आजी-आजोबांची. ती त्यांच्याकडून काढून घेऊ नयेत. आठवड्याला सुमारे पंधरा लिटर पाणी बदलणे हे सांभाळणाऱ्याचे काम. बादली उचलू नये, नळी वापरावी आणि सांडलेले पाणी लगेच पुसावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढणारे द्रव्य घालण्यास विसरू नये. विसरभोळेपणा असेल तर दिवसाचा खाऊ वेगळ्या रंगाच्या डब्यांत भरून ठेवावा. मात्र ते डबे औषधांच्या डब्यापासून दूर असावेत. मधुमेह असल्यास किंवा हाताला जखम असल्यास टाकीत हात घालू नये. त्या पाण्यातील एका जिवाणूमुळे त्वचेवर हळूहळू वाढणाऱ्या गाठी येऊ शकतात. अशी गाठ दिसल्यास डॉक्टरांना घरात मासे असल्याचे आवर्जून सांगावे.

मासे सांभाळणे अशक्य झाले तर ते दुकानदाराकडे किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडे सोपवावेत. कालव्यात किंवा उजनीत सोडू नयेत. भिगवणच्या बाजारात ढिगाने दिसणारी चिलापी ही सिक्लिड कुळातलीच, बाहेरून आलेली मासळी आहे. उजनीच्या पाण्यात ती किती फोफावली आणि स्थानिक मासळीचे काय झाले, हे तिथल्या मच्छीमारांना विचारावे.

शेवटी एक छोटे काम: खाऊचे प्रमाण, पाणी बदलण्याचा वार आणि पाण्याचे ठरलेले मिश्रण मोठ्या अक्षरांत लिहून टाकीशेजारी लावावे. आजोबांना चार दिवस रुग्णालयात राहावे लागले, तरी कोणीही ते वाचून काम करील आणि घरी परतल्यावर त्यांचे मासे त्यांची वाट पाहत असतील.