डबा की दाणा?

घरी बिअर करणाऱ्यांतही सोवळं-ओवळं असतं. डब्यातल्या तयार अर्कापासून बिअर करणारा तो ओवळ्यातला, आणि सातूचा दाणा दळून पहिल्यापासून सगळं हातांनी करणारा तो सोवळ्यातला. इंग्लंडमध्ये हा छंद गल्लोगल्ली आहे. स्विंडनमध्ये तर आता आपले गोंयकार इतके झालेत की त्यांच्या स्वयंपाकघरांतही या बादल्या पोचल्या आहेत. माझा एक भाचा तिथे दोन वर्षं डब्याची बिअर करतोय. परवा फोनवर म्हणाला, "मामा, आता डबा बंद. इथले लोक हसतात."

मी त्याला म्हटलं, दाण्याकडे जरूर जा बाबा, पण कोणी हसतं म्हणून जाऊ नकोस.

मुळात हा डबा म्हणजे काय? दीड-पावणेदोन किलोचा, काकवीसारखा दाट अर्क. हॉप्सचा कडवटपणा त्यात आधीच घातलेला आणि झाकणाखाली यीस्टची पुडी. गरम पाण्यात विरघळवायचा, किलोभर साखर घालायची, गार पाण्याने तेवीस लिटर करायचं आणि यीस्ट भुरभुरायचं. अर्ध्या तासाचं काम.

दाण्याचं काम अख्ख्या दिवसाचं. याचं कारण आपल्याला काजूच्या भाटीवरून चांगलं समजेल. काजूच्या बोंडात साखर तयारच असते. बोंडं कोळंबीत तुडवली, रस भांड्यात काढला की हवेतलं आणि सालीवरचं यीस्ट आपोआप कामाला लागतं. माडाच्या सुरेचंही तेच. सातूच्या दाण्यात मात्र पिठूळपणा असतो, साखर नसते आणि पिठावर यीस्टचं काही चालत नाही. म्हणजे आंबवण्याआधी पिठाची साखर करणं आलं. ती करणारी विकरं दाण्याला मोड येताना त्याच्याच पोटात तयार होतात. मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे, की झाला माल्ट. हे फार विलायती वाटायचं कारण नाही. आपल्या आज्या नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून तान्ह्या पोरांना पेज देत आल्या. मोडाच्या पिठाची पेज पातळ आणि गोडसर होते ती याच विकरांमुळे. माल्ट हा शब्द तेवढा त्यांना ठाऊक नव्हता.

तर वीस लिटर साध्या बिअरसाठी चार-साडेचार किलो भरडलेला माल्ट घ्यायचा आणि ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर मुरवायचा. याला मॅश म्हणतात. सगळी गंमत इथे आहे. पारा ६४-६५ला ठेवला तर यीस्टला सहज खाता येईल अशी साखर जास्त निघते आणि बिअर कोरडी, हलकी होते. ६८ला ठेवला तर न आंबणारा गोडवा मागे राहतो आणि बिअर अंगाने भरते. दोन-तीन अंशांचा खेळ! पीठ संपलं की नाही हे पाहायला थेंबभर पाण्यावर आयोडीन टाकायचं. निळं-काळं झालं तर अजून पीठ शिल्लक आहे. मग गरम पाण्याने दाणा धुऊन गोड पाणी काढायचं, हॉप्स घालून तासभर उकळायचं, झटपट गार करायचं आणि यीस्ट.

डबेवाल्याने पाऱ्याचा हा निर्णय कारखान्यातच घेऊन टाकलेला असतो. पाण्याचाही. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, म्हणून तिथली पेल एल खणखणीत. पिल्सनचं पाणी मऊ, म्हणून तिथली लागर तशी नितळ. अर्क आटवताना कारखान्याच्या पाण्यातले क्षार त्यातच राहतात, त्यामुळे डब्यातून नक्की काय येतंय ते आपल्याला कळत नाही. ओटची स्टाउट करायची तर ओटमधलं पीठ मॅशशिवाय सुटणारच नाही. दाण्याकडे जायचं ते या निर्णयांसाठी. शिवाय दाणा अर्कापेक्षा स्वस्तही पडतो, वेळेचा हिशेब धरला नाही तर.

डब्याला नावं ठेवणाऱ्यांनी त्याचा इतिहासही आठवावा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एल करणं हे बायकांचं घरकाम होतं. पुढे धंदा मोठा झाला आणि १८८०च्या कायद्याने घरी बिअर करायला परवाना लागू लागला. तो १९६३मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला. अमेरिकेत १९२० ते १९३३च्या दारूबंदीत पाब्स्टसारख्या कंपन्या माल्टचा अर्क डब्यांतून विकत, म्हणे पाव-बिस्किटांसाठी! तिथे घरची बिअर कायदेशीर व्हायला जिमी कार्टर यांची १९७८ची सही लागली. मधल्या काळात घरगुती बिअर जगली ती बरीचशी या डब्यावर. (आपल्याकडे अबकारी कायदा राज्यागणिक वेगळा. तेव्हा ही सगळी चर्चा तिकडे राहणाऱ्यांपुरती.)

आता माझं खरं म्हणणं. डब्याच्या बिअरला जी एक 'डब्याची चव' येते म्हणतात, तिचा दोष बहुतेक वेळा अर्काचा नसतो. शागुतीचा मसाला पाकिटातला असला आणि कोंबडी ताजी असली तर जेवण होतं. मसाला पाट्यावर वाटला आणि कोंबडी शिळी, तर कोण खाणार? बिअरची कोंबडी म्हणजे आंबवणं. अर्क जुना नको. झाकणाखालची पुडी टाकून चांगलं यीस्ट घ्यावं. किलोभर साखरेऐवजी कोरडा माल्ट अर्क घालावा. एलची बादली १८ ते २० अंशांत राहील अशी जागा शोधावी, हीटरशेजारी नव्हे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारावं आणि भांडी निर्जंतुक करावीत. एवढं न करता जो थेट दाण्यावर उडी मारतो, त्याची सहा तासांची मेहनत त्याच वाईट बादलीत ओतली जाते.

भाच्याला म्हणूनच सांगितलं, दोन डबे असे नीट करून बघ, मग दाणा. आणि मग तीन-तीन भांड्यांचा पसारा मांडायचीही गरज नाही. ऑस्ट्रेलियातल्या घरगुती बिअरवाल्यांनी लोकप्रिय केलेली पिशवीची पद्धत आहे. एकच मोठं पातेलं, त्यात कापडी पिशवी, पिशवीत दाणा, सगळं पाणी एकदम. तासाभराने चहाच्या पुरचुंडीसारखी पिशवी उचलायची, निथळू द्यायची आणि त्याच पातेल्यात हॉप्स उकळायचे. सुरुवात दहा लिटरने करावी. भिजलेली पिशवी उचलताना पाठीला कळतं ते का.

उरलेला चोथा कोरड्या दाण्यापेक्षा जड भरतो आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारू लागतो, म्हणून त्याची सोय आधीच करावी. पावाच्या कणकेत मूठ-दोन मूठ खपतो, कोंबड्या आवडीने खातात, परसातल्या खतातही जातो. उकळीतले हॉप्स मात्र वेगळे टाकावेत. कुत्र्यांना ते विषारी असतात.