खिशांतली पेढी आणि जाब देणारा माणूस

‘आतां बँक प्रत्येकाच्या खिशांत आली, तिच्या बाहेर राहिलेला असा कोणी उरलाच नाहीं,’ हें वाक्य हल्लीं इतक्या आत्मविश्वासानें ऐकूं येतें कीं, तें तपासून पाहण्याची गरजच कोणास वाटेनाशी झाली आहे. आम्हांस ती वाटते.

प्रथम जें खरें आहे तें मान्य करूं. २०१४ सालच्या जनधन योजनेनें कोट्यवधि खातीं उघडलीं. २०१६ सालीं यूपीआय सुरू झालें, आणि पुढें वसईच्या बाजारांत कोळिणीच्या टोपलीशेजारींही क्यूआरचा चौकोन दिसूं लागला. सुट्ट्या पैशांची कटकट गेली. परगांवच्या मजुराचा पैसा क्षणांत त्याच्या घरीं पोंचूं लागला. या सुधारणेस नाकें मुरडणें हा कृतघ्नपणा होईल.

परंतु पैशाची ने-आण ही एक गोष्ट आणि पत ही दुसरी. वसईकरांस हा भेद कोणी शिकवावयास नको. १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९१८ सालीं येथें कॅथॉलिक समाजाची पतपेढी निघाली. आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक ती हीच. अशा पेढ्यांचें भांडवल म्हणजे परस्परांची ओळख. ओळखीबाहेरच्याची तेथें उपेक्षा होई, हेंही आम्ही विसरत नाहीं. पण निदान उपेक्षा करणाऱ्यास गांठून जाब विचारतां येत असे.

आजचें यंत्र कोणास जाब देतें? वसईच्या पूर्वेकडील पाड्यांतला वीटभट्टीवरचा मजूर घ्या. आधारच्या ठशावर पैसे काढावयाचे, आणि श्रमानें झिजलेलें बोट यंत्रास ओळखूं येत नाहीं! ज्या श्रमानें पैसा मिळविला त्यानेंच त्याची वाट अडवावी, याहून क्रूर थट्टा कोणती? कर्ज देणाऱ्या कित्येक ॲपांनीं तर ऋणकोच्या फोनांतील नांवें उचलून त्याच्या आप्तेष्टांपुढें त्याची अब्रू काढली. अखेर २०२२ मध्यें रिझर्व्ह बँकेस नियम करावे लागले: व्याज व खर्च आधीं सांगा, फोनांतील यादीस हात लावूं नका, तक्रार ऐकणारा अधिकारी नेमा. म्हणजे शेवटीं माणूसच लागला.

कोणी म्हणेल, लोक हळूहळू शिकतील; साध्या फोनासाठींही २०२२ पासून सोय झाली आहे. शिकतील, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण शिकलेल्याचेही पैसे लबाडीनें जातात. त्या वेळीं त्यानें कोणाच्या दारीं उभें राहावें? शिक्षण हें उत्तरदायित्वाची जागा घेऊं शकत नाहीं.

यंत्र मोडा, असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें मागणें एवढेंच कीं, प्रत्येक यंत्रामागें, पायीं पोंचतां येईल इतक्या अंतरावर, लोकांच्या भाषेंत बोलणारा आणि उत्तर देण्यास बांधलेला माणूस असावा. उघडलेलीं खातीं मोजून कोणी पाठ थोपटून घेऊं नये. रास्त व्याजानें मिळालेलें कर्ज आणि मिटलेली तक्रार मोजावी. हा हिशेब जोंवर मांडला जात नाहीं, तोंवर खिशांत आली आहे ती बँक नव्हे. बँकेची केवळ पाटी आहे.