मागचे पान

आमच्या घराण्यात आजवर कुणाला चौकशीसाठी बोलावणे आलेले नाही. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या आधी चार दिवस, मुंबईच्या विमानतळावर चहाचा पहिला घोट घेत असताना मोबाईल वाजला आणि ‘आपली बॅग तपासणीत थांबवली आहे, ताबडतोब या’ असे एका अनोळखी आवाजाने फर्मावले, तेव्हा माझ्या पायांतले बळच गेले. नागपूरला बहिणीकडे निघालो होतो. रेल्वेचे आरक्षण मिळाले नाही म्हणून विमान. एरवी उल्हासनगरच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाचे जाणेयेणे अंबरनाथच्या फलाटापुरतेच असते.

एका खोलीत मेजावर माझी बॅग होती आणि पलीकडे गणवेशातली एक तरुणी. खाली मान घालून कागदावर काही लिहीत ती म्हणाली, “यात सुकं खोबरं आहे. काढावं लागेल.”

खोबरे होतेच. आईने मुलीच्या करंज्यांसाठी निवडून निवडून घेतलेल्या वाट्या, चांगल्या दोन किलो. मी हसलो, समजावले, आणि मग वाचकहो, माझा आवाज चढला. पंचवीस माणसांच्या वर्गात कधी चढत नाही इतका चढला. “मी प्राध्यापक आहे. तुम्हाला मी अतिरेकी दिसतो का?”

तिने मान वर केली. “मी ओळखते सर तुम्हाला,” ती म्हणाली. “तरी काढावं लागेल.”

बदलापूरची मुलगी. दहाबारा वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर बसत असे. मी खोबरे काढले, सही केली आणि तिच्याकडे न बघता निघून आलो. नागपुरात करंज्या नागपूरच्याच खोबऱ्याच्या झाल्या आणि चांगल्या झाल्या, ही गोष्ट मी आईला सांगितली नाही.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. मी परीक्षेचे पेपर तपासत होतो. दारात तीच, हातात मिठाईचा पुडा. “सर, रागावलात का?” मी उत्तर शोधेपर्यंत आईने तिला आत घेतले, बसवले आणि थेट मुद्द्यावर आली. “काय गं, खोबऱ्यात बाँब असतो होय?”

“नाही आजी. पण त्यात तेल असतं. सुकं खोबरं ढिगानं, कोंदट जागेत राहिलं की आपोआप तापतं, कधी पेट घेतं. विमानाच्या पोटात आग लागली तर उतरायचं कुठे?”

आईला हे पटले. आमचे अंबरनाथ एके काळी विम्कोच्या आगपेट्यांचे गाव. पेटणाऱ्या वस्तूंविषयी इथल्या जुन्या माणसांना आदर आहे. मग तिने माझ्याकडे मोर्चा वळवला. “तुझे बाबा तीस वर्षं ऑर्डनन्स फॅक्टरीच्या गेटवर डबा उघडून दाखवायचे. कधी म्हणाले का, मी चोर दिसतो का म्हणून?”

बायकोने चहा आणला म्हणून बरे झाले.

मग ती बोलत गेली. हातातल्या पिशव्या तपासणारे खाकी गणवेशातले जवान हे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान पळवून कंदाहारला नेले, त्यानंतर, २००० सालापासून, एकेक विमानतळ त्यांच्याकडे येत गेला. त्याआधी हे काम पोलीस करीत. आपण काउंटरवर सोडून देतो त्या मोठ्या बॅगा मात्र विमानकंपनीची माणसे बघतात. ती त्यांतली. प्रशिक्षण, परीक्षा, आणि ठराविक मुदतीने पुन्हा परीक्षा.

पडद्यावर बॅग उघडी पडते ती रंगांत. धातू निळा, कपडे, अन्न, कागद, साबण हे सारे नारिंगी, मधले हिरवे. “तुमची चकली नारिंगी, पुस्तक नारिंगी,” ती म्हणाली, “आणि स्फोटकंही नारिंगीच. मग आकार बघायचा, दाटपणा बघायचा, वायर कुठून कुठे जाते ते बघायचं. डोळे थकतात म्हणून वीसेक मिनिटांनी पडद्यासमोरून उठवतात.”

“पण सापडतं का काही?” बायकोने विचारले.

“तेच तर अवघड आहे काकू. काही नसतंच. लायटर, पॉवर बँक, लोणच्याची फुटकी बरणी. हजार बॅगांत काही नसतं आणि हजारावी तितक्याच लक्षानं बघायची. मन आधीच सांगतं, नसणार.”

म्हणून म्हणे यंत्रच मधूनमधून फसवते. कुणाच्या तरी साध्या बॅगेच्या चित्रात खोटे पिस्तूल किंवा खोटा बाँब घालून दाखवते. बटण दाबले तर शाबासकी. चुकले तर नोंद. ऑगस्टमध्ये तिची अशी नोंद झाली. धाकट्याला तीन दिवस ताप होता, दिवसा झोप नाही, रात्री बदलापूरहून घाटकोपर, पुढे मेट्रो. पहाटे साडेतीनला समोरून एक बॅग गेली. तिने ‘ठीक’ म्हटले आणि पडद्यावर अक्षरे आली. तिला पुन्हा शिकायला बसवले. आणखी चुका झाल्या तर नोकरीचेच अवघड. घरी सासूबाई म्हणाल्या, एवढ्यासाठी रडायचे काय, खोटाच होता ना बाँब?

“तेवढ्यासाठीच रडले सर. खोटा होता हे नंतर कळलं. बघताना तर मला तो दिसलाच नव्हता.”

प्रशिक्षणात त्यांना ‘कनिष्क’ची हकीकत सांगतात. एअर इंडियाचे ते विमान २३ जून १९८५ रोजी अटलांटिकवर आयर्लंडजवळ स्फोट होऊन कोसळले. ३२९ माणसे गेली. बॅग व्हँकुव्हरहून चढली, तिचा मालक चढलाच नाही. टोरांटोला बॅगा तपासणारे क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले होते. उरलेल्या बॅगा हातातल्या एका वास घेणाऱ्या उपकरणाने तपासून सोडल्या. “त्या माणसांनीही रोजच्यासारखंच ‘ठीक’ म्हटलं असेल,” ती म्हणाली आणि चहाचा कप उगाच फिरवत राहिली.

कुणी काही बोलेना. मग तीच हसली. “सर, तुम्हीही एकदा माझं मागचं पान वाचलं नव्हतं. आठवतं?”

मला आठवत नव्हते. दुसऱ्या वर्षाची चाचणी. तिने एक उत्तर मागच्या पानावर लिहिले होते आणि मी तिथवर गेलोच नव्हतो. ती पेपर घेऊन आली तेव्हा मी म्हणे वैतागून म्हणालो होतो, ‘खाली “पान उलटा” असं लिहायचं नाही का?’ आणि सहा गुण वाढवून दिले. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला उत्तर तरी देता आले असते.

रात्रपाळी होती, गाडी गाठायची होती. आईने फडताळातून डबा काढून उरलेल्या करंज्या कागदात बांधल्या. “यातलं खोबरं चालेल ना गं तुमच्याकडे?”

“हे भाजलेलं आहे आजी. आणि हे विमानात जाणारच नाही, घाटकोपरच्या आतच संपेल.”

ती गेल्यावर मी पुन्हा गठ्ठ्याकडे वळलो. ती येण्याआधी तपासून बाजूला ठेवलेले पेपर तेवढे उचलले आणि एकेकाचे मागचे पान उलटून पाहिले. तेरा पेपर होते. एकातही काही नव्हते. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “झालं का रे? पानं वाढू?” मी म्हटले, थांब जरा, आणि चौदावा पेपर घेतला.