लेखणीने दिले, लेखणीने नेले

आपल्या सीमेच्या आत कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला आहे. याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. ज्या देशाला आपले दार केव्हा उघडावे आणि केव्हा लावावे हे ठरविता येत नाही, त्याचे सार्वभौमत्व कागदावरच उरते. अमेरिकेत गेल्या दीड दशकापासून स्थलांतरितांच्या प्रश्नावर जो वाद धुमसत आहे, तो मात्र या अधिकाराविषयी नाही. राष्ट्राचा हा अधिकार राष्ट्राच्या वतीने वापरावयाचा कोणी, लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळाने की एकट्या राष्ट्राध्यक्षाने, हा त्या वादाचा गाभा आहे. प्रश्न अमेरिकेचा असला तरी त्याचे चटके पुण्या-ठाण्याच्या घरांपर्यंत पोहोचले आहेत. म्हणून तो मुळापासून समजून घेणे अगत्याचे आहे.

अमेरिकेच्या घटनाकारांनी कामाची वाटणी स्पष्ट केली होती. परकीयांना नागरिकत्व देण्याचे एकसमान नियम करण्याचे काम त्यांनी काँग्रेसकडे, म्हणजे तेथील संसदेकडे सोपविले. राष्ट्राध्यक्षावर कर्तव्य टाकले ते कायद्यांच्या निष्ठापूर्वक अंमलबजावणीचे. कायदा करणारा एक आणि राबविणारा दुसरा, अशी ही रचना. पण कायदा करणाऱ्याने हात बांधून बसायचे ठरविले तर काय? वादाची ठिणगी पडली ती येथे.

लहानपणी आईवडिलांबरोबर बेकायदा अमेरिकेत आलेल्या आणि तेथेच वाढलेल्या मुलांना कायदेशीर स्थान द्यावे, यासाठी ‘ड्रीम ॲक्ट’ नावाचे विधेयक २००१ साली प्रथम मांडले गेले. त्याला दोन्ही पक्षांतून पाठिंबा होता. तरीही वर्षामागून वर्षे गेली, पण कायदा झाला नाही. डिसेंबर २०१० मध्ये प्रतिनिधिगृहाने विधेयक संमत केले. सिनेटमध्ये ते पुढे नेण्यासाठी ६० मते हवी होती, मिळाली ५५. मुलांच्या समर्थकांनी मग राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्याकडे धाव घेतली. केवळ आपल्या आदेशाने हद्दपारी थांबविता येणार नाही, कायदे अस्तित्वात असताना त्यांना बगल देणे आपल्या भूमिकेशी सुसंगत नाही, असे ओबामांनी मार्च २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. पुढच्याच वर्षी, निवडणूक तोंडावर असताना, १५ जून २०१२ रोजी त्यांच्या प्रशासनाने नेमकी तशीच योजना जाहीर केली. ‘डाका’ या नावाने ती ओळखली जाते. वयाच्या सोळाव्या वर्षाआधी आलेल्या, गंभीर गुन्हा नसलेल्या तरुणांना दोन-दोन वर्षांसाठी हद्दपारीपासून अभय आणि नोकरीचा परवाना, असे तिचे स्वरूप. आजवर आठ लाखांहून अधिक तरुणांनी तिचा लाभ घेतला.

या योजनेमागे युक्तिवाद नव्हता असे नाही. देशात सुमारे एक कोटी दहा लाख बेकायदा रहिवासी असताना वर्षाकाठी चार लाखांच्या आसपास माणसे परत पाठविण्याइतकेच बळ सरकारपाशी होते. सर्वांना पकडणे अशक्य असेल तर आधी कोणाला पकडावे, हे अंमलबजावणी करणाऱ्याने ठरविणे स्वाभाविकच आहे. पोलीस ठाण्याचा अधिकारीही हेच करतो. परंतु एखाद्या चोराच्या मागे आज न लागणे वेगळे आणि एका संपूर्ण वर्गाला परवाने वाटणे वेगळे. पहिल्यात कायद्याच्या अंमलबजावणीचा क्रम ठरतो. दुसऱ्यात नवा कायदाच जन्माला येतो.

नोव्हेंबर २०१४ मध्ये ओबामांनी आणखी एक पाऊल टाकले. अमेरिकी नागरिक असलेल्या मुलांच्या बेकायदा आईवडिलांनाही असेच अभय देण्याची घोषणा त्यांनी केली. ही संख्या चाळीस लाखांच्या घरात जाणारी होती. टेक्सासच्या नेतृत्वाखाली २६ राज्ये न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०१५ मध्ये स्थगिती मिळाली, आणि जून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींची चार विरुद्ध चार अशी समसमान विभागणी झाल्याने ती कायम राहिली. योजना अमलात येण्याआधीच संपली.

पुढे जे घडले ते या वादातील सर्वांत करुण प्रकरण म्हणावे लागेल. सप्टेंबर २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रशासनाने ‘डाका’ रद्द करण्याची घोषणा केली. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती अडविली. पण योजना रद्द करण्याचा अधिकारच नाही म्हणून नव्हे, तर रद्द करण्याची रीत चुकली म्हणून. जुलै २०२१ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने नवे अर्ज मंजूर करण्यास मनाई केली. २०१२ साली तिशीत असलेला तरुण आज चाळिशी ओलांडून गेला आहे. त्याचे घर, नोकरी, संसार सारे दोन वर्षांच्या मुदतीच्या कागदावर उभे आहे. आणि यातील मेख अशी, की हा कागद मिळविण्यासाठी त्याने आपले नाव, पत्ता आणि बोटांचे ठसे स्वतः होऊन सरकारच्या स्वाधीन केले होते. जो अंधारात लपून राहिला, त्याचा ठावठिकाणा सरकारला माहीत नाही. ज्याने शासनाच्या शब्दावर विश्वास ठेवला, तो मात्र पुरता उघडा पडला. एका माणसाच्या शब्दाला राष्ट्राचा शब्द समजण्याची ही शिक्षा आहे.

हीच लेखणी उलट दिशेनेही चालते. जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांनी सात देशांतील नागरिकांच्या प्रवेशावर बंदी घातली. विमानतळांवर गोंधळ उडाला, न्यायालयांनी स्थगित्या दिल्या, आदेश दोनदा बदलला. अखेर जून २०१८ मध्ये तिसरी आवृत्ती सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरली. त्यासाठी आधार होता तो १९५२ च्या कायद्यातील एका कलमाचा. परकीयांच्या कोणत्याही वर्गाचा प्रवेश देशहिताला बाधक वाटल्यास तो रोखण्याचा अधिकार त्या कलमाने राष्ट्राध्यक्षाला दिलेला आहे. म्हणजे येथे राष्ट्राध्यक्षाने अधिकार हिसकावला नव्हता. काँग्रेसनेच तो पूर्वी ताटात वाढून ठेवला होता. जानेवारी २०२१ मध्ये जो बायडेन यांनी पदग्रहणाच्या दिवशीच ही बंदी एका सहीने उठविली. त्यांच्या प्रशासनाने मग क्यूबा, हैती, निकाराग्वा आणि व्हेनेझुएला येथील सुमारे पाच लाख तीस हजार लोकांना तात्पुरत्या प्रवेशाची मुभा दिली. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने ती काढून घेतली आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला वाट मोकळी करून दिली. रीतसर अर्ज करून, विमानाने, कागदपत्रांसह आलेली माणसे रातोरात बेकायदा ठरली.

या खेळात दोन्ही पक्षांचे वर्तन पाहण्यासारखे आहे. ओबामांच्या सहीला घटनाद्रोह म्हणणाऱ्या रिपब्लिकन नेत्यांना ट्रम्प यांच्या सहीत राष्ट्रनिष्ठा दिसली. ओबामांच्या सहीला करुणा म्हणणाऱ्या डेमोक्रॅट नेत्यांना ट्रम्प यांची सही उघडताच घटनेतील अधिकारविभाजन आठवले. काल टेक्सासने न्यायालयात वापरलेले युक्तिवाद आज कॅलिफोर्निया वापरते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण सातासमुद्रापलीकडेही तितकीच खरी आहे.

मराठी घरांना याची झळ कशी बसते, हे २०२५ च्या सप्टेंबरात दिसले. १९ तारखेला ट्रम्प यांनी एक उद्घोषणा काढली. एच-१बी व्हिसाच्या अर्जासाठी एक लाख डॉलर, म्हणजे सुमारे ८८ लाख रुपये भरावे लागतील, आणि अंमल २१ तारखेपासून! घटस्थापना २२ तारखेला होती. सुट्टीवर मायदेशी आलेल्यांना कंपन्यांनी तातडीने परतण्यास सांगितले. अमेरिकेतून निघण्यासाठी विमानात बसलेले काही प्रवासी खाली उतरले. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला, की ही रक्कम केवळ नव्या अर्जांना लागू आहे. तोवर हजारो कुटुंबांची झोप उडून गेली होती. या व्हिसाच्या वार्षिक मर्यादा काँग्रेसच्या कायद्याने ठरलेल्या आहेत: ६५ हजार, आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. त्यात मंजुरी मिळणाऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के भारतीय असतात. संख्या बदलण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही. मग दाराशी एवढा मोठा आकार बसविण्याचा आहे काय? कर बसविण्याचे काम तर संसदेचे. हा प्रश्न लगेचच न्यायालयात गेला.

त्याआधी २० जानेवारी २०२५ रोजी निघालेला आदेश याहूनही मूलगामी होता. आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील ना नागरिक ना ग्रीन कार्डधारक, अशा जोडप्याच्या अमेरिकेत जन्मलेल्या अपत्याला नागरिक मानू नये, असे त्यात म्हटले होते. न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या आणि ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या, एकही नियम न मोडलेल्या मराठी दाम्पत्याच्या बाळालाही तो लागू पडत होता. न्यायालयांनी त्याला स्थगिती दिली. तथापि, जन्माने मिळणारे नागरिकत्व कोणाला असावे, ही चर्चा करावयाची तर ती घटनादुरुस्तीच्या वा कायद्याच्या मार्गाने करावी लागेल. ती एका सहीने आटोपण्याजोगी गोष्ट नव्हे.

याउलट कायदा काय करतो, याचे उदाहरण भारतीयांच्याच इतिहासात आहे. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारले. ज्यांना मिळाले होते त्यांच्यापैकी कित्येकांचे काढून घेतले गेले. त्यावर उपाय म्हणून भारतीयांनी काँग्रेसचे दार ठोठावले. त्यासाठी वर्षानुवर्षे खपणाऱ्यांत दलीपसिंग सौंद हे पंजाबी गृहस्थ होते. १९४६ मध्ये कायदा झाला. वर्षाला अवघे शंभर भारतीय, एवढाच त्याचा आवाका. पण नागरिकत्वाचे दार उघडले. सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून त्याच काँग्रेसवर निवडून गेले. पुढे १९६५ च्या कायद्याने वंश आणि मूळ देश यांवर बेतलेली जुनी पद्धत मोडीत काढली. मराठी डॉक्टर आणि इंजिनिअर मोठ्या संख्येने गेले ते त्यानंतर. गावोगावची महाराष्ट्र मंडळे आणि बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले ते या पायावर. गेल्या साठ वर्षांत कोणताही राष्ट्राध्यक्ष त्या नागरिकांना ‘तुमची मुदत संपली’ असे म्हणू शकला नाही. रोनाल्ड रेगन यांच्या काळात १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख बेकायदा रहिवाशांना मान्यता दिली. त्या कायद्यात घुसखोरी रोखण्याचे जे वचन होते ते फोल ठरले, ही टीका रास्त आहे. पण दिलेली मान्यता कोणी परत घेतली नाही, हेही खरे.

विधिमंडळ ठप्प असेल तर राष्ट्राध्यक्षाने स्वस्थ बसावे काय, असा प्रश्न विचारला जातो. तो टाळता येणार नाही. तातडीच्या प्रसंगी कार्यकारी सत्तेला काही मोकळीक हवीच. भारताच्या घटनेने ती अध्यादेशाच्या रूपाने दिली. पण संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांच्या आत मान्यता मिळाली नाही तर अध्यादेश आपोआप संपतो, अशी वेसणही घातली. ही वेसण बिहारमध्ये सैल झाली होती. १९६७ ते १९८१ या काळात तेथे २५६ अध्यादेश निघाले आणि ते पुन्हा पुन्हा काढून एक ते चौदा वर्षे जिवंत ठेवले गेले. हे शोधून काढले पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा यांनी. त्यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये या प्रथेला घटनेशी केलेली प्रतारणा ठरविले. अमेरिकी राष्ट्राध्यक्षाच्या आदेशाला अशी सर्वसाधारण कालमर्यादाच नाही. तो पुढच्या राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीपर्यंत टिकतो आणि त्या मर्जीने मरतो. त्यामुळे संसदेवर निर्णय घेण्याचे दडपण येत नाही. उलट, अप्रिय मतदान टाळण्याची सोय होते. जून २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केलेले सर्वंकष विधेयक प्रतिनिधिगृहाने चर्चेलाही घेतले नाही, याची राजकीय किंमत कोणाला मोजावी लागली?

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यांत तिघे महाराष्ट्रातील होते. दलालांच्या नादी लागून चोरवाटेने परदेशात शिरणाऱ्यांची पाठराखण कोणी करू नये. त्यांना परत पाठविण्याचा अमेरिकेचा अधिकार भारत सरकारनेही नाकारलेला नाही. बेड्या घालून आणण्याचा प्रकार क्लेशकारक होता, ही बाब वेगळी. परंतु ज्या राष्ट्राला चोरवाटा बंद करावयाच्या आहेत, त्याने राजमार्ग तरी भरवशाचा ठेवला पाहिजे. दर चार वर्षांनी राजमार्गाचे नियम पालटू लागले, तर नियम पाळणारा आणि मोडणारा यांत फरक उरत नाही.

परदेशी निघालेल्या मुलामुलींच्या पालकांनी हातातला कागद कोणत्या अधिकाराने निघाला आहे, हे यापुढे नीट पाहावे: कायद्याने की कोणाच्या आदेशाने. आणि आपल्या मनासारखे घडले म्हणून एखाद्या सहीचा जयजयकार करण्यापूर्वी, हीच लेखणी उद्या न आवडणाऱ्या माणसाच्या हाती जाणार आहे, याचे भान ठेवावे.