काळ्या पाण्याला गेलेल्या बायका

मैत्रिणींनो, २६ जानेवारीला जोडून दोन दिवसांची रजा काढून आम्ही पाच जणी रत्नागिरीहून अंदमानला जाऊन आलो. एक परिचारिका, एक माध्यमिक शाळेतली शिक्षिका, एक वकील, एक अंगणवाडी सेविका आणि मी. तीन वर्षं भिशी लावली होती. काही कमी पडलं ते एकमेकींनी घातलं. रात्रीच्या गाडीनं मुंबई, तिथून विमान, मध्ये एकदा बदली, आणि मग खाली निळं पाणी. आमच्यापैकी तिघींनी विमानात पहिल्यांदाच पाय ठेवला.

पण मला सांगायचं आहे ते निघण्यापूर्वीचं. आमच्या अंगणवाडी सेविकेनं घरी सांगितलं, "प्रशिक्षण आहे." सासूबाई म्हणाल्या, "मग जा बाई, सरकारी काम आहे." आम्हाला हे कळलं ते विमानतळावर. आम्ही हसलो, नि मग गप्प झालो. कारण आम्ही तरी वेगळं काय केलं होतं? परिचारिकेनं आधीच्या महिन्यात सगळ्या रात्रपाळ्या करून टाकल्या होत्या. वकीलबाईंनी चार दिवसांची भाजी चिरून फ्रीजमध्ये डबे रचले होते. मी नवऱ्याला दहा वेळा सांगितलं होतं, की अंदमानला इतिहास आहे, लेख लिहिता येईल. आणि आमची शिक्षिका विधवा आहे. तिच्या शेजारणीनं तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं होतं, "घो गेला नि हिला आता मजा सुचतेय."

आपण चळवळीतल्या बायका. आपण गावोगाव हिंडलो, शिबिरं केली, मोर्चाला रात्रीच्या एसटीनं मुंबई गाठली. पण नीट आठवून पाहा, आपण घराबाहेर पडलो ते कशासाठी तरी. मजेसाठी, नुसतं समुद्राकडे बघत बसण्यासाठी किती जणी बाहेर पडलो? केंद्र सरकारनं २०१९ साली लोक दिवसभराचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, असं तिच्यात दिसलं. घरकाम करणारे पुरुष घालवतात ९७ मिनिटं. शिवाय असे पुरुष शंभरात जेमतेम सव्वीस! ही पाच तासांची पाटी डोक्यावरून उतरवायची, तर बाईला कारण द्यावं लागतं, आणि ते कारण कामाचंच लागतं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आपण ऐकतोच आहोत, "बाया आता उगाच फिरतात." या 'उगाच'मध्येच सगळं आलं. पुरुष चार दिवस मित्रांबरोबर गोव्याला गेला तर तो फिरायला गेला. बाई गेली तर उगाच गेली.

हे मनात घेऊन आम्ही पोर्ट ब्लेअरला उतरलो. २०२४ पासून त्या गावाचं नाव श्री विजयपुरम् झालं आहे. रत्नागिरीकरांची तिथली पहिली भेट सेल्युलर जेलला असणार, हे सांगायला नको. सावरकरांना १९११ मध्ये तिथं आणलं आणि १९२१ मध्ये हिंदुस्थानात परत नेलं. १९२४ मध्ये त्यांची सुटका झाली ती रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही या अटीवर. त्यांच्या विचारांबद्दल आम्हा पाच जणींत तीन मतं आहेत. पण त्या कोठडीसमोर उभं राहिल्यावर पाचही जणी गप्प होतो. १९०६ मध्ये पुरी झालेली ती इमारत, एकाला दुसऱ्याचं तोंड दिसू नये अशी तिची बांधणी, तो कोलू, ती फाशीची जागा. संध्याकाळी ध्वनि-प्रकाशाचा कार्यक्रम झाला. अंगणातला पिंपळ बोलतो आणि क्रांतिकारकांच्या हालअपेष्टा सांगतो. डोळ्यांत पाणी येतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या शिक्षिकेनं वाटाड्याला साधा प्रश्न विचारला, "इथं बायका नव्हत्या?" तो म्हणाला, "नाही मॅडम, या जेलमध्ये नाही." आणि तो पुढच्या दालनाकडे वळला.

त्याचं उत्तर खरं होतं. सेल्युलर जेल पुरुषांचा. पण त्याच्या कितीतरी आधी, १८५८ मध्ये, इंग्रजांनी अंदमानात कैद्यांची वसाहत सुरू केली होती, आणि थोड्याच वर्षांत त्या वसाहतीत बायकाही पाठवल्या जाऊ लागल्या. पुरुषांच्या मानानं थोड्या, पण वर्षानुवर्षं. त्यांचा तुरुंग वेगळा होता, साउथ पॉइंटला. त्यांचा गुन्हा बहुतेक वेळा खुनाचा असे. खून कुणाचा? पुष्कळ जणींच्या बाबतीत नवऱ्याचा नाहीतर स्वतःच्या नवजात मुलाचा. आणि या दुसऱ्या प्रकारात विधवा कितीतरी.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८८४ साली मलबारींच्या टिपणांवर मत देताना पुण्यातली एक हकीगत लिहून ठेवली आहे. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यानं तिला नादी लावलं. दिवस गेले. औषधं घेऊन पाहिली, उपयोग झाला नाही. मूल झालं, आणि अब्रूच्या भीतीनं तिनं ते मारून घरामागच्या विहिरीत टाकलं. ती पकडली गेली, खटला चालला, जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबुवांना काय झालं? काही नाही. (यशवंताच्या आईचं नावही काशीबाईच सांगतात. ही तिच्या आधीची, वेगळी.) या घटनेनं हलून जाऊन जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये स्वतःच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. १८८४ पर्यंत ३५ गरोदर विधवा तिथं बाळंत होऊन गेल्या, असं जोतीराव लिहितात. म्हणजे ३५ काळी पाणी टळली.

पुढे १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या विधवेला याच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली गेली. मग ती काळ्या पाण्यावर आली आणि शेवटी पाच वर्षांवर. त्यावेळी वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांच्या नीतीचा जो पंचनामा मांडला, त्याचा संताप येऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. आपण फुले वाचतो, ताराबाई वाचतो. पण 'काळं पाणी' हा शब्द आला की डोळ्यांपुढे बेडीतला पुरुषच उभा राहतो. माझंही तसंच होत होतं, हे कबूल करते.

मग त्या बायकांचं तिथं काय झालं? सरकारला वसाहत वसवायची होती, संसार उभे करायचे होते. म्हणून काही वर्षं शिक्षा भोगलेल्या पुरुष कैद्याला लग्नाची परवानगी मिळे. तो बायकांच्या तुरुंगात येई, बायका ओळीनं उभ्या केल्या जात, आणि तो पसंत करी. नकार द्यायची मुभा होती म्हणतात, पण नकारानंतर समोर होता पुन्हा तोच तुरुंग. नियती कशी बघा! इकडे १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला तरी समाज विधवेचं लग्न होऊ देत नव्हता. त्यासाठी गर्भ लपवावा लागत होता, मूल मारावं लागत होतं. आणि तिकडे सरकारच तिला रांगेत उभं करून लग्न लावून देत होतं. जात, प्रांत, भाषा सगळं मागे पडलं. या जोडप्यांची मुलंबाळं म्हणजे अंदमानचा 'लोकल बॉर्न' समाज, हिंदुस्थानी बोलणारा. बेटावरच्या या समाजाच्या आज्या-पणज्या म्हणजे याच बायका. तरी पिंपळाला त्यांच्याबद्दल बोलायला सुचत नाही.

आणखी एक बाई मला त्या कोठडीसमोर आठवली. सावरकरांची थोरली वहिनी येसूबाई. नवरा बाबाराव अंदमानात, दीर अंदमानात. नाशकात बायकांना जमवून काम करणारी ही बाई नवऱ्याच्या भेटीची परवानगी मागत राहिली. १९१९ मध्ये धाकटा दीर आणि जाऊ अंदमानला भेटीला जाऊ शकले, तोवर येसूबाई गेल्या होत्या. एका बाईला तिच्या मनाविरुद्ध समुद्र ओलांडावा लागला, दुसरीला मनात असून ओलांडता आला नाही. दोघींच्याही बाबतीत निर्णय दुसऱ्याच कुणाचा.

आमच्या हॉटेलातून बाराटांगच्या सहलीचा आग्रह चालला होता. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. २०१२ साली त्या रस्त्यावरच्या जारवा स्त्रियांना खाण्याचं आमिष दाखवून पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली होती. आमच्यात थोडा वाद झाला. "आपण थोड्याच काही फेकणार आहोत?" असं एक जण म्हणाली. पण रांगेत उभ्या केलेल्या त्या बायकांबद्दल रात्रीच बोललो होतो. गाडीच्या काचेतून बायका बघायला जायचं नाही, असं ठरलं. त्याऐवजी स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला गेलो.

तिथं एक गंमत झाली. आम्ही पाचही जणी समुद्राकाठी जन्मलेल्या. भाट्ये, मांडवी, गणपतीपुळे यांतलं काहीतरी रोजचं. पण घोट्याच्या वर पाण्यात कुणीच कधी गेलो नव्हतो. कपडे भिजतील, कुणीतरी ओळखीचं बघेल. तिथं ओळखीचं कुणी नव्हतं. आधी अंगणवाडी सेविका शिरली, पंजाबी ड्रेससकट, कमरेपर्यंत. मग सगळ्या. दोन तास बाहेर आलो नाही. शिक्षिका पाण्यात उभी राहून रडत होती. तिनं कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, समुद्रात डुंबायचा आणि त्या काशीबाईचा संबंध काय? मला वाटतं, आहे. बाई आपल्या मर्जीनं काही करते, तिच्या शरीराला, मनाला काही हवंसं वाटतं, हेच आपल्या समाजाला पेलत नाही. मग ती खोटं बोलते, लपवते. लपवायचं लहान असेल तर 'प्रशिक्षण आहे' म्हणते. मोठं असेल तर तिची काशीबाई होते.

आणि ती दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे असंही नाही. गेल्या पावसाळ्यात एक विधवा माझ्याकडे आली. दोन मुलांची आई, पाचवा महिना सरत आलेला. ती दुसऱ्याच महिन्यात एका दवाखान्यात गेली होती. तिथं विचारलं, "नवऱ्याची सही कुठाय?" ती घाबरून परतली, आणि तीन महिने पोट बांधून घरकाम करत राहिली. मैत्रिणींनो, सज्ञान बाईला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही, भावाची नाही. १९७१ च्या कायद्यापासून असंच आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. त्यापुढे चोवीस आठवड्यांपर्यंत काही ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात होऊ शकतो. गरोदरपणात वैधव्य किंवा घटस्फोट आला तर तीही त्यात येते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अविवाहित स्त्रीला यातून वगळता येणार नाही. बाईचं नाव गुप्त ठेवण्याचं बंधनही आहे. कायदा इथवर आला आहे. अडलंय ते टेबलापलीकडच्या त्या एका प्रश्नाशी. त्या बाईचं पुढे नीट पार पडलं, पण उशीर तिच्यामुळे झाला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींपुरतं आहे. एक, आपल्या प्रत्येक गटानं आपल्या भागातल्या दवाखान्यांत जाऊन सहीचा हा प्रश्न विचारला जातो का ते पाहावं, आणि कायद्यात काय आहे ते मोठ्या अक्षरांत लावायला सांगावं. दोन, अंदमानला जाल, आणि जरूर जा, तेव्हा बायका कुठे होत्या हे विचारत राहा. शंभर जणींनी विचारलं तर एक दिवस साउथ पॉइंटची गोष्टही त्या कार्यक्रमात येईल. आणि तीन, वर्षातून एकदा तरी मैत्रिणींबरोबर कुठेतरी जा. अंदमानच हवं असं नाही, अर्ध्या तिकिटात मालवणही होतं. पण घरी विचारलं तर 'शिबीर आहे' म्हणू नका. फिरायला जातेय म्हणा.

परत आल्यावर चार दिवसांनी आमच्या अंगणवाडी सेविकेनं सासूबाईंना खरं सांगून टाकलं, फोटोही दाखवले. म्हातारी बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "गो, येवडा पानी? नि तू आत गेलंस? माका सांगलं असतंस तर मी न्हाय म्हटलं असतंय. पण सांगायचं तरी होतंस."

पुढच्या भिशीत सासूबाईंचंही नाव आहे.